दुसऱ्या गाडीची स्प्रिंग आणि खास बनवलेली लोअरिंग स्प्रिंग: उंची सारखी, वागणूक वेगळी

एकाच मॉडेलच्या दोन स्पोर्ट्स सेडान शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि दोन्ही मूळ उंचीपेक्षा साधारण एक इंच खाली बसल्या आहेत, असे समजा. एकीत त्याच मॉडेलसाठी बनवलेली लोअरिंग स्प्रिंग बसवली आहे. दुसरीत त्याच कंपनीच्या, पण हलके इंजिन असलेल्या दुसऱ्या मॉडेलची, म्हणजे उसनी, स्प्रिंग काढून घातली आहे. उभ्या गाड्यांकडे पाहून फरक सांगता येत नाही, आणि म्हणूनच दोन्ही गोष्टींना सरसकट ‘गाडी खाली केली’ असे म्हटले जाते. वास्तविक गाडीची उंची ही स्प्रिंगच्या दोन वेगळ्या गुणांची बेरीज-वजाबाकी असते: वजन नसताना स्प्रिंग किती लांब आहे आणि वजन आल्यावर ती किती दबते. एकच उंची या दोन गुणांच्या कितीतरी जोड्यांनी मिळू शकते.

आकडे घेऊन पाहिले तर हे स्पष्ट होते. सोयीसाठी स्प्रिंग थेट चाकावर बसली आहे असे मानू आणि एका कोपऱ्यावर 400 किलो, म्हणजे सुमारे 3,920 न्यूटन भार धरू. मूळ स्प्रिंग 350 मिलिमीटर लांब आणि 30 न्यूटन प्रति मिलिमीटर इतकी कडक असेल, तर ती 131 मिलिमीटर दबून 219 वर स्थिरावेल. हलक्या गाडीची स्प्रिंग तितकीच लांब, पण 25 न्यूटनची असेल, तर ती 157 मिलिमीटर दबेल आणि गाडी 26 मिलिमीटर खाली येईल. खास बनवलेली स्प्रिंग 300 मिलिमीटरची आणि 36 न्यूटनची असेल, तर ती 109 मिलिमीटर दबून गाडी 28 मिलिमीटर खाली आणेल. उसन्या स्प्रिंगची गाडी मऊपणामुळे खाली आली आणि खास स्प्रिंगची आखूडपणामुळे.

आता खड्डा आला की काय होते ते पाहू. मूळ गाडीत चाकाला वर जाण्यासाठी बम्प स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या अडथळ्यापर्यंत, 80 मिलिमीटर जागा होती असे धरले, तर आता दोन्ही गाड्यांत जेमतेम 52 ते 54 उरली आहे. त्या 80 मिलिमीटरमध्ये मूळ स्प्रिंग सुमारे 96 ज्यूल ऊर्जा पचवत होती. उरलेल्या जागेत खास बनवलेली स्प्रिंग 49 ज्यूल पचवते आणि उसनी स्प्रिंग केवळ 36. म्हणजे जागा कमी झाली की कडकपणा वाढायला हवा असतो आणि उसन्या स्प्रिंगमध्ये तो नेमका घटलेला असतो. मागच्या सीटवर माणसे बसून एका कोपऱ्यावर आणखी 100 किलो आले, तर मऊ स्प्रिंग 39 मिलिमीटर बसते आणि बम्प स्टॉप 15 मिलिमीटरवर येऊन ठेपतो. कडक स्प्रिंगवर 25 मिलिमीटर शिल्लक राहतात. गंमत अशी की एकट्याने मारलेल्या पहिल्या फेरीत मऊ स्प्रिंगचीच तारीफ होते, कारण गाडीची उसळण्याची गती सेकंदाला 1.38 वरून 1.26 आवर्तनांवर उतरते आणि चाल ऐसपैस वाटते. कडक स्प्रिंगवर ती 1.51 पर्यंत चढते.

तरीही खास स्प्रिंग निर्दोष आहे असे नाही. गाडी जॅकवर उचलली की चाक खाली लोंबते आणि शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण उघडतो. तो मूळ उंचीपासून 100 मिलिमीटर उघडत असेल, तर स्प्रिंगसाठीची जागा 319 मिलिमीटर होते आणि 300 मिलिमीटरची स्प्रिंग त्यात सैल पडते. अशी स्प्रिंग बैठकीतून सरकू शकते, आणि चाक परत खाली टेकताना ती तिरकी बसली तर धोका मोठा असतो. यासाठी चांगल्या लोअरिंग स्प्रिंगमध्ये एका टोकाला मुद्दाम जवळजवळ घातलेले मऊ वेढे असतात. गाडीच्या वजनाने ते आधीच मिटून जातात. चाक लोंबले की तेच उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. या वेढ्यांना अनेक जण ‘आरामासाठीचे वेढे’ समजतात, पण त्यांचे मुख्य काम स्प्रिंग जागेवर ठेवणे हे आहे.

उसनी स्प्रिंग निवडताना सर्वात फसवा आकडा म्हणजे मूळ गाडीतला तिचा कडकपणा. स्प्रिंग चाकापासून किती आत बसते, यावर चाकाला जाणवणारा कडकपणा ठरतो आणि तो स्प्रिंगची हालचाल व चाकाची हालचाल यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या रचनेत, हे गुणोत्तर 0.95 धरले, तर 30 न्यूटनची स्प्रिंग चाकापाशी 27 न्यूटनची वाटते. तीच स्प्रिंग 0.65 गुणोत्तराच्या मल्टीलिंक (अनेक दांड्यांनी चाक धरणाऱ्या) रचनेत गेली की चाकापाशी 13 न्यूटनसुद्धा उरत नाहीत. नजरेचा अंदाजही इथे चालत नाही. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे बाकी सारे सारखे असताना 12 ऐवजी 13 मिलिमीटर तार घेतली की स्प्रिंग सुमारे 38 टक्क्यांनी कडक होते. हाताने धरून हा एक मिलिमीटर कळत नाही.

बैठकीचाही प्रश्न असतो. स्प्रिंगचे टोक सपाट आहे की आत वळलेले, आतला व्यास किती, रबरी बैठकीत टोक कुठे अडते, या गोष्टी जुळल्या नाहीत तर स्प्रिंग फिरते आणि कुरकुरते. काही स्ट्रटच्या स्प्रिंगा केळ्यासारख्या किंचित वाकलेल्या असतात. शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्यावर पडणारा आडवा जोर कमी करण्यासाठी तो बाक दिलेला असतो. ती चुकीच्या दिशेने बसली तर घर्षण कमी होण्याऐवजी वाढते.

एक उणीव मात्र दोन्ही मार्गांना सारखीच चिकटते. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आणली की चाक धरणारी खालची आर्म आडवी होत होत बाहेरच्या टोकाला वर झुकते आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली घसरते. परिणामी वळणावर गाडी कलंडवणारी तरफ लांबते. कडक स्प्रिंग ही तूट भरून काढते. मऊ उसनी स्प्रिंग भरून काढू शकत नाही, म्हणून दिसायला बसकी झालेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकू शकते. शॉक अॅब्सॉर्बरची काळजी मात्र थोडी अतिरंजित केली जाते. स्प्रिंग 20 टक्के कडक झाली तर उसळी तितक्याच प्रमाणात शमवण्यासाठी डॅम्पिंग, म्हणजे शॉकचा विरोध, सुमारे 10 टक्केच वाढावे लागते, जे सुस्थितीतल्या मूळ शॉकला बहुधा झेपते. झिजलेल्याला झेपत नाही.

उसनी स्प्रिंग योग्य ठरते अशीही एक परिस्थिती आहे. देणारी आणि घेणारी गाडी एकाच प्लॅटफॉर्मची (मूळ सांगाड्याची) असेल, स्ट्रट आणि आर्म सारख्या असतील, इंजिनाचे वजन जवळपास तेच असेल आणि स्प्रिंग स्पोर्ट आवृत्तीची असून तिचे शॉक व बम्प स्टॉप सोबत घेतले असतील, तर ती वस्तुतः कंपनीनेच आखलेली जोडणी असते. इंजिनाचे वजन हा इथला कळीचा भाग आहे. बीएमडब्ल्यूच्या काही मॉडेलांत सनरूफ, एअर कंडिशनरसारख्या प्रत्येक साधनाला गुण देऊन त्यांच्या बेरजेवरून स्प्रिंग निवडली जाते. सनरूफच्या वजनासाठी कंपनी वेगळी स्प्रिंग देत असेल, तर चार सिलिंडरची स्प्रिंग सहा सिलिंडरच्या गाडीत घालताना किती अंतर पडते याचा विचार करावा.

कोणतीही स्प्रिंग घातली तरी बसवतानाची एक चूक सर्रास होते. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असतानाच घट्ट केले जातात. मग चाके टेकली की रबर कायम पिळलेले राहते, गाडी अपेक्षेपेक्षा उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट चाकांवर वजन आल्यानंतर आवळावेत, स्प्रिंग बसू देण्यासाठी काही शे किलोमीटर गाडी चालवावी आणि अलाइनमेंट व हेडलाइटचा झोत त्यानंतर जुळवावा.