महसुली समतोल (करवाढीविना)

राज्याचा चालू खर्च चालू उत्पन्नातूनच भागणे म्हणजे महसुली समतोल. राज्याचे कर, केंद्रीय करांतील वाटा, केंद्राची अनुदाने आणि करेतर महसूल मिळून महसुली जमा होते. कर्ज तीत धरत नाहीत. महाराष्ट्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली जमा 5,60,964 कोटी रुपये, महसुली खर्च 6,06,855 कोटी आणि तूट 45,891 कोटी रुपये अंदाजली होती. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवावी लागणारी एकूण तूट, मात्र राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत होती. त्यामुळे एवढ्या एकाच आकड्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. रस्ते, धरणे यांवरचा भांडवली खर्च छाटला की राजकोषीय तूट लगेच उतरते, महसुली तूट तशीच राहते.

वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज हा अनिवार्य खर्च एका वर्षात कमी होत नाही. वाव आहे तो योजना आणि अनुदानांत. लाडकी बहीण योजनेत दरमहा 1,500, म्हणजे वर्षाला 18,000 रुपये मिळतात. एक लाख अपात्र नावे वगळली तर 180 कोटी वाचतात. त्यासाठी आधार, शिधापत्रिका, वाहन नोंदणी आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ‘सेवार्थ’ या वेतन प्रणालीतील यादी एकमेकींशी ताडून पाहावी लागते, तीही पहिला हप्ता जाण्यापूर्वी. एकदा खात्यात गेलेले पैसे परत मिळवणे फार कठीण.

कृषिपंपांच्या वीज सवलतीत शेतकऱ्याचा लाभ न घटवताही बचत होते. मीटर नसलेल्या पंपाचा वापर अश्वशक्तीवरून काढतात. त्यात खरा वापर किती आणि गळती किती, हे वेगळे करता येत नाही. पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर (फीडरवर) मीटर बसवले की अनुदानाचा हिशेब खरा होतो, आणि वाहिनी सौरऊर्जेवर नेली की दिवसाची वीज स्वस्त पडते.

मार्चमध्ये जुळवलेला ताळेबंद बिघडतो तो बहुधा पुरवणी मागण्यांनी, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाने. संविधानाच्या अनुच्छेद 205 मधील ही तरतूद अनपेक्षित गरजेसाठी आहे, नव्या घोषणांसाठी नव्हे. प्रत्येक पुरवणी मागणीसोबत तेवढीच बचत खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षातून होणार, हे सांगण्याची सक्ती हवी. मार्चअखेर न वापरलेला निधी व्यपगत (रद्द) होऊ नये म्हणून तो काढून बँकेत किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या पदनामाने उघडलेल्या सरकारी खात्यात) ठेवणे हाही तोटाच: इकडे पैसा पडून, तिकडे सरकार बाजारातून व्याजाने कर्ज काढते.

ठेकेदारांची देयके पुढच्या वर्षावर ढकलणे ही बचत नव्हे. दायित्व कायम राहते आणि पुढच्या निविदांचे दर चढतात. जमीन विकून आलेला पैसा एकदाच येतो, निवृत्तिवेतन दरमहा द्यावे लागते. महामंडळांच्या नावावर कर्ज काढण्याची पळवाटही अरुंद झाली आहे: परतफेड राज्याच्या तिजोरीतून होणार असेल, तर 2022 पासून केंद्र ते कर्ज राज्याच्याच कर्जमर्यादेत मोजते.