मऊ असताना कोरायचा, कडक करून ठोकायचा

जुन्या बाजारात शिवराई हातात घेऊन पाहिली, तर बहुतेक वेळा तिच्यावरचा मजकूर अर्धवट असतो. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, असं सगळं नीट वाचता येणारं नाणं नशिबानेच मिळतं. एरवी ‘राजा’ दिसतो आणि ‘श्री’चा वरचा भाग गायब असतो. दोष झिजेचा असेलच असं नाही. नाणी पाडायचा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे आणि चकती त्याच्यावर जशी बसेल तेवढाच मजकूर तिच्यावर उठे. मोगली रुपयांचीही तीच गत. म्हणून एकाच ठशाची चार-पाच नाणी जमली की अभ्यासक त्यांचे तुकडे जुळवून अख्खा ठसा कागदावर उभा करतात.

एकाच ठशाची नाणी ओळखायची कशी? प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे एकाचा ‘ज’ दुसऱ्यासारखा नसतो. शिवराईवर कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने दिल्या जात. टांकसाळी अनेक, कारागीर अनेक, मग शुद्धलेखन एक कुठून असणार! त्यात कोरायचं ते सगळं उलटं, आरशात दिसावं तसं, आणि जे नाण्यावर उठून दिसायला हवं ते ठशात खोल खणायचं.

पण कारागिराची खरी अडचण अक्षरांपेक्षा धातूची होती. ठसा कोरायचा तर तो छिन्नीला दाद देण्याइतका मऊ हवा. त्याच ठशाने हजारो नाणी पाडायची तर तो चांदी-तांब्यापेक्षा पुष्कळ कडक हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि ठशांचा इतिहास म्हणजे बराचसा त्यांचं भांडण मिटवायचा इतिहास आहे. ग्रीकांनी कथलाचं प्रमाण जास्त असलेलं कासं वापरलं. ते कडक असतं, पण ठिसूळही. लोखंडाचे ठसेही वापरात होते. नीट तोडगा निघाला तो पोलादात, कारण पोलादाचा स्वभाव बदलता येतो.

कोयत्याला लोहार पाणी देतो, तेच इथे करायचं. मऊ पोलादावर नक्षी कोरून झाली की ठसा लालभडक तापवायचा. साधारण 800 अंश सेल्सियसच्या आसपास लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि पोलादातला कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडतो आणि पोलाद पुन्हा मऊ होतं. पण एकदम पाण्यात बुडवलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून बसतो, सगळी मांडणी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. काचेसारखं ठिसूळही! म्हणून पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवून तो ताण थोडा उतरवायचा. यात एक खोडी आहे. तापलेला ठसा पाण्यात गेला की भोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि उष्णता सारखी बाहेर पडत नाही. एक भाग आधी आक्रसतो, दुसरा मागाहून, आणि कित्येक दिवस खपून कोरलेला ठसा तडकतो. ते आवरण फोडण्यासाठी ठशाच्या तोंडावर पाण्याची धार सोडायची युक्ती पुढे निघाली.

इतकं कसब लागत असल्याने कोरणाऱ्याला मान होता. अकबराच्या काळातले मौलाना अली अहमद दिल्लीकर पोलादात अशी अक्षरं कोरत की ती उत्तम सुलेखनकाराच्या कित्त्याच्या तोडीची वाटत, असं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त लिहितो. टांकसाळीत काम करणाऱ्या त्यांच्या दोन माणसांना महिना 600 दाम, म्हणजे तेव्हाची तांब्याची नाणी, पगार होता. प्रत्यक्ष नाणं पाडताना सिक्कची, म्हणजे ठसे सांभाळणारा कारागीर, दोन ठशांमध्ये चकती धरी आणि दुसरा घण घाली.

खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात. घणाचा मार थेट वरच्यावर पडत असल्याने तो आधी जाई. ठशाला तडा गेला की नाण्यावर त्या जागी बारीक उंच रेघ उमटते. तडा वाढतो तशी रेघही वाढते. अशी नाणी क्रमाने मांडली की कुठलं आधी पाडलं ते कळतं, नाण्यावर तारीख नसली तरी. कधी पाडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राही. मग पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचं चित्र येई आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट.

यंत्रं आली तशी चकती भटकायची थांबली. बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनने 1788 साली सोहो टांकसाळ काढली आणि वाफेवर नाणी पाडायला सुरुवात केली. मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची तांब्याची नाणी 1791 साली तिथूनच आली. त्यांच्यावर तराजू आहे. पुढे 1829 साली मुंबईलाच वाफेची टांकसाळ उभी राहिली. चकतीभोवती पोलादी कडं बसवायची पद्धत रूढ झाल्यावर नाणं गोल आणि एकसारखं येऊ लागलं.

मोठा बदल मात्र ठसा कोरण्यातच झाला. मूळ नक्षी उठावाच्या, कडक केलेल्या पोलादी ठोकळ्यावर एकदाच तयार करायची. कारखान्यात त्याला हब म्हणतात. हा हब मऊ पोलादात प्रचंड दाबाने रुतवला की ठसा तयार. एकाचे शेकडो करा, सगळे सारखे. हातभर मोठ्या नमुन्यावरून सुई फिरवून तीच नक्षी नाण्याएवढी कापणारी यंत्रंही आली. विसाव्या शतकात जानव्हिए यंत्र या कामासाठी ठिकठिकाणच्या टांकसाळींत होतं. आता बरंचसं संगणकावरच होतं.

तरी धातू आपला हट्ट सोडत नाही. हब रुतवताना मऊ पोलाद दाबानेच ताठर होत जातं, म्हणून एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे. ठसा काढायचा, तापवून पुन्हा मऊ करायचा, परत हबखाली नेमका तसाच बसवायचा. 1955 साली अमेरिकेत एका ठशाच्या बाबतीत हे बसवणं जरासं हुकलं, आणि लिंकनच्या एक सेंटवर अक्षरं आणि साल दोन-दोनदा उमटले. अशी हजारो नाणी चलनात गेली. आज संग्राहक एकेकासाठी भरपूर पैसे मोजतात.

अमेरिकेच्या टांकसाळीने पुढे एकाच दाबात ठसा पुरा करायची पद्धत आणली. त्यासाठी कोऱ्या ठशाचं तोंड किंचित शंकूसारखं घडवतात, म्हणजे पोलाद मध्यापासून कडेकडे सरकतं. पण हब टेकतो त्या क्षणी कोरा ठसा तिरका असला आणि मग जागेवर बसला, तर मध्याजवळ अजूनही अधूनमधून दुहेरी रेघ उमटते, आणि संग्राहक भिंग घेऊन नेमकी तीच शोधत बसतात.