खरेदीदार, उंची स्त्रीवस्त्रांचा (कोकण किनारपट्टी)

उंची साड्या, तयार पोशाख आणि कलाकुसरीची वस्त्रे विकणाऱ्या दुकानासाठी कोणता माल कुणाकडून, किती आणि केव्हा घ्यायचा हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे खरेदीदार. महानगरांतल्या मोठ्या दालनांत हा स्वतंत्र हुद्दा असतो आणि त्याच्या जोडीला आकडेमोड सांभाळणारा नियोजक असतो. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या किनाऱ्यावर मात्र हे काम बहुधा घरातलेच कुणीतरी करते: मालकाची सून, धाकटा भाऊ, नाहीतर काउंटरवर आयुष्य गेलेला जुना माणूस. ‘पर्चेस ते बघतात’ एवढीच त्याची ओळख असते.

बाहेरून हे काम आवडीनिवडीचे वाटते. पारखी नजर हवीच, पण कोकणात दुकान तरते की अडकते ते मुख्यतः माल कधी आणला आणि किती आणला यावर. इथे पैसा वर्षभर सारखा येत नाही आणि इथली हवा माल फार दिवस धड राहू देत नाही.

दालनाच्या प्रत्येक विभागाला वेगळा खरेदीदार नेमण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिस-लंडनच्या मोठ्या वस्तुभांडारांत रुळली. मुंबईत १९८७ मध्ये ‘एन्सेम्बल’ हे अनेक डिझायनरांचे कपडे एका छताखाली विकणारे दुकान निघाले, १९९१ मध्ये अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’ आले आणि हा पेशा आपल्याकडे नावारूपाला आला. किनाऱ्याचा इतिहास वेगळा आहे. सोळाव्या शतकात चौल बंदर रेशमी कापडासाठी नावाजलेले होते. आज किनाऱ्यावर म्हणण्यासारखे विणकाम नाही आणि उंची माल सगळा घाटावरून किंवा मुंबईहून येतो.

मालाच्या वाटा

पैठणी येवल्याची. इरकल आणि शहापुरी साड्या बेळगावकडून आंबोली घाटाने उतरतात, इचलकरंजीचे यंत्रमागाचे कापड कोल्हापूरमार्गे येते. जॉर्जेट, शिफॉन आणि एकूणच कृत्रिम धाग्याचा माल सुरतेचा. बनारसी आणि कांजीवरमसाठी थेट तिकडे जाणारे थोडे. बाकीचे मुंबईतल्या दलालाकडून घेतात. मंगलदास मार्केट आणि दादरचा हिंदमाता परिसर हे कोकणातल्या कापडवाल्यांचे जुने ठिकाण. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि रत्नागिरी-कुडाळच्या माणसाला रात्रीच्या गाडीने जाऊन दिवसभर बाजार करून परतणे सोपे झाले. आता विणकर व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ दाखवतो, पण मोबाईलच्या पडद्यावर मोरपंखी रंग निळा दिसतो आणि पोत तर कळतच नाही. भारी माल हात लावल्याशिवाय घेणारा खरेदीदार फार दिवस टिकत नाही.

पैठणी पारखताना तो पहिल्यांदा पदर उलटा करतो. हातमागाच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी धाग्यात धागा अडकवून विणलेली असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या ‘सेमी’ पैठणीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. मग जर, म्हणजे काठ-पदरातला सोनेरी-रुपेरी धागा. नखाने खरवडल्यावर खालून तांबूस रंग डोकावला तर आत तांबे आहे, पांढरट दिसला तर चांदी. रेशमाची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळतात: जळलेल्या केसांचा वास आणि बोटांत चुरगळणारी राख ही रेशमाची खूण, घट्ट गोळी राहिली की कृत्रिम धागा. केंद्रीय रेशीम मंडळाचा ‘सिल्क मार्क’ असला तरी जुने लोक हा धागा जाळतातच.

सेट तोडणे

कोकणातल्या खरेदीदाराची खरी घासाघीस भावापेक्षा नगांवर होते. ठोक व्यापारी एका डिझाइनचे चार, सहा किंवा आठ रंग मिळून ‘सेट’ देतो. मुंबईत हा सेट खपून जातो. तालुक्याच्या गावात ज्या घरांतून भारी साडी घेतली जाते ती घरे एकमेकांना ओळखतात, एकाच लग्नाच्या मांडवात बसतात. दोघींच्या अंगावर एकाच डिझाइनची साडी दिसली, भले रंग वेगळा असो, तर दोन्ही गिऱ्हाइके हातची जातात आणि चर्चा वर्षभर चालते. म्हणून खरेदीदाराला एका डिझाइनचा एकच नग हवा असतो, फार तर दोन, आणि तेही एक चिपळूणच्या दुकानात आणि एक दापोलीच्या. सेट तोडून देणारा व्यापारी नगामागे जास्त लावतो. ते जास्तीचे पैसे देणे शहाणपणाचे ठरते, कारण उरलेले चार रंग कपाटात काळे पडण्यापेक्षा ते स्वस्त असते.

मानपानाच्या साड्यांचा हिशोब याच्या उलट. बस्ता बांधायला आलेले कुटुंब गादीवर तीन-चार तास बसते, शालूवर तासभर घालवते आणि मानपानाच्या चाळीस साड्या पंधरा मिनिटांत ‘याच भावातल्या काढा’ म्हणून उचलते. तिथे एकसारख्या साड्या चालतात, किंबहुना हव्याच असतात. विहीणबाईंच्या जावेला कमी नि नणंदेला जास्त असे होता कामा नये. दुकान कितीही उंची असो, हा थर ठेवावाच लागतो. शहरातून आलेल्या सल्लागारांना हे पटायला वेळ लागतो. मानपान दुसरीकडे घ्यायला लागले की शालूही दुसरीकडेच घेतला जातो.

पैसा कधी येतो

हापूसचे पैसे एप्रिल-मेमध्ये बागायतदारांच्या हातात खेळतात आणि लग्नसराईही तेव्हाच असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बंदराच्या गावांत खरेदी नारळी पौर्णिमेच्या सुमारास जागी होते. मग गणपती. चाकरमानी गावी येतो, गौरीला साडी नेसवली जाते, आणि लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून सुपे घेऊन ओवसायला, म्हणजे सुपातले वाण गौरीला अर्पण करायला, बसते तेव्हा तिची साडी सगळी वाडी बघते. आखाती देशांत माणसे असलेल्या घरांची खरेदी या पंचांगात बसत नाही. ती सुटीला येणाऱ्यांच्या तिकिटांवर आणि ईदवर चालते. अलिबागकडे तर वेगळेच गिऱ्हाईक आले आहे: मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांतल्या बायकांना शालू नको, हातमागाचे सुती आणि लिनन हवे असते.

या सगळ्याला महिनावार मर्यादा घालण्याचे एक साधे गणित आहे. समजा भाद्रपदात २० लाखांची विक्री आणि १ लाखाची सूट धरली, आणि महिन्याच्या शेवटी ३० लाखांचा माल फळीवर हवा आहे. एकूण ५१ लाख. त्यातून हातातला ३४ लाखांचा आणि वाटेतला ५ लाखांचा माल वजा केला की खरेदीला १२ लाख उरतात. या आकड्याबाहेर कितीही सुंदर साडी दिसली तरी हात आवरायचा.

उधारीचे चित्रही बदलले आहे. कापडधंद्यात तीन-तीन महिने पैसे थकवणे ही जुनी रीत; पण २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीनुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजावटीला धरता येतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तर साडी कापडात मोडत असल्याने ५ टक्क्यांतच राहते. त्यामुळे तीन हजारांच्या कुर्त्यासमोर साडी स्वस्त वाटू लागली आहे.

हवा आणि पाणी

पावसाळ्यात खळ दिलेल्या सुती साडीला बुरशी लगेच धरते, म्हणून जाणता खरेदीदार असा माल मेनंतर उचलत नाही. दमट खाऱ्या हवेत जर काळवंडते. भारी साड्या मलमलीत गुंडाळतात, काही महिन्यांनी घडी मोडून नव्याने घालतात, डांबरगोळ्या जरीपासून लांब ठेवतात. घडीवर रेशीम चिरले तर ती साडी निम्म्या किमतीलाही जात नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, गणपतीला दीड महिना असताना. नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या गावांत म्हणूनच गणपतीचा भारी माल दोन-तीन खेपांत मागवावा आणि आलेला पहिल्या मजल्यावर ठेवावा, भले गिऱ्हाइकासाठी दर वेळी जिना चढावा लागो. विम्याचा दावा नगवार खरेदीबिलांवर उभा राहतो; ती बिले दुकानात ठेवू नयेत, ती मालाबरोबरच भिजतात.