इंग्रजीतील शब्दजाती-परिवर्तन

एखाद्या शब्दाला कोणताही प्रत्यय न लावता तो निराळ्या शब्दजातीत वापरण्याची इंग्रजीतील पद्धत. मराठीत 'हात'पासून क्रियापद करायचे तर 'हाताळणे' असे घडवावे लागते. इंग्रजीत 'हँड' हे नामही आहे आणि 'हाती देणे' या अर्थाचे क्रियापदही.

'राउंड' हा यातला सर्वांत फिरता शब्द. 'अ राउंड टेबल'मध्ये तो विशेषण, 'अ राउंड ऑफ टॉक्स'मध्ये नाम, तर 'शी राउंडेड द कॉर्नर'मध्ये क्रियापद आहे. 'ही टर्न्ड राउंड'मध्ये तो क्रियाविशेषण होतो आणि 'वी वॉक्ड राउंड द लेक'मध्ये शब्दयोगी अव्यय, मात्र नामानंतर नव्हे तर नामाआधी येणारे. (शेवटच्या दोन ठिकाणी अमेरिकन लोक सहसा 'अराउंड' म्हणतात.) वाक्य न देता 'राउंड'ची शब्दजात विचारणे म्हणूनच व्यर्थ.

जुन्या इंग्रजीत 'प्रेम' हे नाम 'लुफु' आणि 'प्रेम करणे' हे क्रियापद 'लुफिअन' असे वेगळे होते. पुढे शेवटचे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचे 'लव्ह' झाले. मग बोलणाऱ्यांनी ही मोकळीक इतर शब्दांबाबतही घेतली. कुरकूर करणारेही होतेच. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ मध्ये कोशकार नोआ वेबस्टर यांना लिहिलेल्या पत्रात 'नोटिस', 'अॅडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' यांच्या क्रियापदी वापराबद्दल नाराजी व्यक्त केली. आज ते कुणाला खटकतही नाहीत. 'गुगल' हे क्रियापद ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत २००६ मध्ये आले.

लिहिताना एकच दिसणारे काही शब्द उच्चारात फुटतात. 'रेकॉर्ड' नाम असताना आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर (उच्चारातल्या तुकड्यावर), क्रियापद असताना दुसऱ्यावर. 'यूज' या नामाच्या शेवटी 'स', क्रियापदाच्या शेवटी 'झ'.

खरी गंमत शब्दांच्या अर्थामध्ये आहे. 'डस्ट' म्हणजे धूळ. पण 'डस्ट द शेल्फ' म्हणजे धूळ पुसणे आणि 'डस्ट द केक विथ शुगर' म्हणजे साखर भुरभुरणे. 'सीड' क्रियापद झाले की बी पेरणेही होते आणि फळातले बी काढणेही. नामापासून झालेली क्रियापदे भूतकाळात बहुधा नियमित चालतात: घंटा वाजली तर 'रँग', पण घराला वेढा पडला तर 'रिंग्ड', कारण हे दुसरे 'रिंग' गोल कडे या अर्थाच्या नामावरून आले आहे.