धनुष्कोडी रेल्वे स्थानक

तमिळनाडूत रामेश्वरम बेटाच्या आग्नेय टोकाला असलेले, १९६४ पासून बंद पडलेले मीटरगेज स्थानक. १९१४ मध्ये पांबनचा पूल सुरू झाला आणि रेल्वे बेटावर आली. मुख्य मार्ग पांबनहून थेट धनुष्कोडीच्या धक्क्याला जाई. रामेश्वरमला जाणारी होती ती शाखा.

स्थानकाचे सारे महत्त्व बोटीमुळे होते. त्याआधी सिलोनचे (आताचे श्रीलंका) प्रवासी तुतिकोरीनहून लांबचा समुद्रप्रवास करीत. नव्या मार्गाने मद्रासच्या एग्मोर स्थानकातून ‘बोट मेल’ धनुष्कोडीला येई. तिथून बोटीने सुमारे ३५ किलोमीटरवर सिलोनच्या किनाऱ्यावरील तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो, तेही एकाच तिकिटावर. ‘इर्विन’ आणि ‘गोशेन’ या इथल्या गाजलेल्या बोटी. सिलोनमधील रूळ १.६७६ मीटर रुंदीचे आणि इकडचे १ मीटरचे, त्यामुळे डबे तसेच पुढे नेता येण्यासारखे नव्हते. प्रवासी, सामान, टपाल सगळे उतरवून बोटीत चढवावे लागे. म्हणूनच एवढ्याशा गावात जकात कार्यालय, बंदर कार्यालय, टपाल कचेरी आणि रेल्वेचे रुग्णालय होते.

गाव वाळूच्या अरुंद पट्ट्यावर वसलेले. एका बाजूला पाल्कचा समुद्र, दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात समुद्र या पट्ट्यावर चढला. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर स्थानकाच्या अलीकडेच लाटांत सापडली. गाडीतील शंभराहून अधिक माणसे दगावली. पांबन पुलाचे बहुतेक गर्डरही वाहून गेले. दुरुस्तीसाठी सहा महिन्यांची मुदत ठरली होती. पुढे कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन यांनी ते काम ४६ दिवसांत पुरे केले.

म्हणजे बेटावरची रेल्वे सावरली, पण ती रामेश्वरमपर्यंतच. धनुष्कोडी राहण्यास अयोग्य ठरवण्यात आले आणि लंकेची बोटही रामेश्वरमहून सुटू लागली. बोट गेल्यावर या टोकाला रूळ नेण्याचे मूळ कारणच उरले नाही. स्थानक पुन्हा न उभारण्यामागे हे कारण वादळाइतकेच मोठे मानायला हवे. श्रीलंकेतील यादवीमुळे १९८० च्या दशकात ती बोटसेवाही थांबली.

स्थानकाच्या पडक्या भिंती, चर्च आणि पाण्याची टाकी आजही दिसते. २०१७ मध्ये बेटाच्या अगदी टोकाच्या अरिचलमुनैपर्यंत पक्का रस्ता झाल्याने तिथे वाहनाने जाता येते. रामेश्वरम–धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटरच्या मार्गाच्या पुनर्बांधणीची पायाभरणी १ मार्च २०१९ रोजी झाली.