फिक्स्चर बॉक्समधून काढण्याआधी वाचा: सीटी, एमआरआय आणि लिनॅकचं शून्य एका जागी आणताना

नवीन ग्राहकाचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच तक्रारीचा असतो. सीटी नीट आहे, एमआरआय पण नीट आहे, दोन्हीकडच्या सर्व्हिस इंजिनिअरने ओके दिलंय, मग दोन्ही इमेज एकावर एक टाकल्या की कवटीची कड दोन-तीन मिमी सरकलेली का दिसते? तर दोन्ही मशिन आपापल्या जागी बरोबरच असतात, फक्त प्रत्येक मशिन आपापल्या शून्यापासून मोजतं. सीटी, एमआरआय आणि लिनॅक (रेडिएशनने उपचार करणारं मशिन) यांची ही शून्यं एका जागी आणायला आमचं फिक्स्चर आहे, म्हणजे आत मार्कर बसवलेला ब्लॉक.

शेताच्या मोजणीचं उदाहरण घ्या. एका मोजणीदाराने विहिरीपासून माप धरलं, दुसऱ्याने रस्त्याच्या कडेपासून, दोघांचे नकाशे बरोबर आहेत पण एकावर एक ठेवले तर जुळणार नाहीत. दोन्ही नकाशात तेच हद्दीचे दगड दाखवलेले असतील तर मात्र दगडावर दगड ठेवायचा आणि नकाशा आपोआप बसतो. आमच्या ब्लॉकमधले आठ मार्कर म्हणजे ते हद्दीचे दगड, एवढंच.

ब्लॉक अ‍ॅक्रिलिकचा आहे आणि आत १० मिमीच्या आठ पोकळ गोळ्या आहेत, त्यात पाण्यात पातळ केलेलं गॅडोलिनियम आणि आयोडीन कॉन्ट्रास्ट भरलेलं आहे म्हणजे गोळी सीटीवर पण चमकते आणि एमआरआयवर पण. स्टीलचा एक स्क्रू पण वापरलेला नाही, तुम्हीही एमआरआय रूममध्ये न्यायच्या ब्लॉकला बाहेरचा कुठलाही स्क्रू लावू नका प्लीज. गोळ्यांची मांडणी मुद्दाम वेडीवाकडी ठेवलीय. बरेच जण विचारतात की चौकोनात का नाही बसवल्या, दिसायला छान दिसलं असतं. आमचा पहिला ब्लॉक तसाच चौकोनी होता आणि सॉफ्टवेअरने तो ९० अंशात फिरवून बसवला तरी जुळणीचे आकडे एकदम सुंदर आले, आम्हालाच अर्धा दिवस कळलं नाही. आताच्या मांडणीत कुठलीही तीन अंतरं घ्या, ती दुसरीकडे कुठे सापडत नाहीत, त्यामुळे चुकीची जोडी लागली किंवा इमेज आरशासारखी उलटली की लगेच आकडा बोंबलतो.

दिशांचा घोळ आधी मिटवा. डायकॉममध्ये (स्कॅनच्या फायलींचा ठरलेला फॉरमॅट) एक्स पेशंटच्या डावीकडे वाढतो, वाय पाठीकडे, झेड डोक्याकडे. निफ्टी हा दुसरा फाइल फॉरमॅट वापरणारी बरीच सॉफ्टवेअर एक्स उजवीकडे आणि वाय पुढे छातीकडे धरतात, म्हणजे पहिल्या दोन आकड्यांची चिन्हं उलटी. दोन्ही चिन्हं विसरलात तर अख्खी इमेज १८० अंशात फिरते आणि ते कोणाच्याही नजरेत येतं, पण एकच चिन्ह विसरलात तर डावं-उजवं उलटतं आणि हे सगळ्यात वाईट कारण मेंदूच्या इमेजमध्ये ते पटकन दिसतही नाही. लिनॅकवर आयईसी ६१२१७ या आंतरराष्ट्रीय मानकाची वेगळीच भाषा, तिथे झेड वर छताकडे जातो आणि वाय गँट्रीकडे (मशिनच्या फिरत्या भागाकडे), म्हणजे पेशंट पाठीवर आणि डोकं गँट्रीकडे असेल तर डायकॉमचा झेड हा तिथला वाय होतो. ब्लॉकच्या डाव्या अंगाला म्हणूनच खोलवर एल कोरलाय, तो पेशंटच्या डाव्या हाताकडे ठेवायचा, टेक्निशियनच्या नाही.

स्कॅनच्या आदल्या रात्री ब्लॉक स्कॅनर रूममध्ये नेऊन ठेवा. ही सूचना सगळ्यात जास्त दुर्लक्षित होते म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ब्लॉकसोबतच्या सर्टिफिकेटवरची मापं २० अंश सेल्सियसला घेतलेली आहेत. अ‍ॅक्रिलिक एका अंशाला मीटरमागे साधारण ७० मायक्रॉन वाढतं, म्हणजे २०० मिमी लांबीवर २५ अंशांचा फरक पडला तर ०.३५ मिमी. विदर्भातल्या एका ग्राहकाने मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डिकीतून आणला आणि तसाच उचलून टेबलावर ठेवला, सगळी अंतरं थोडी थोडी जास्त यायला लागली आणि बिचारे दोन दिवस स्कॅनरच्या स्केलिंगला दोष देत बसले. अ‍ॅक्रिलिक जाड असलं की आतून थंड व्हायला वेळ लागतो, बाहेरून हाताला गार लागलं म्हणजे झालं असं नाही.

मग बुडबुडे. गोळी उजेडासमोर धरून बघा. ३ मिमीचा बुडबुडा असेल तर गोळीचं मोजलेलं केंद्र साधारण ०.१ मिमी खाली सरकतं, पण ५ मिमीचा झाला की साडेतीन दशांश मिमीच्या पुढे जातं. ब्लॉक आडवा करून बोटाने हलके टकटक केलं की बुडबुडा भरणीच्या नळीकडे सरकतो, तिथून सोबत दिलेल्या सिरिंजने काढा. कॉन्ट्रास्ट कमी वाटलं तर नळाचं पाणी भरू नका, आम्हाला कळवा, आम्ही पाठवतो.

सीटीला स्लाइस १ मिमीची घ्या. ३ मिमीच्या स्लाइसमध्ये १० मिमीची गोळी जेमतेम तीन-चार स्लाइसमध्ये दिसते आणि तिचं केंद्र काढणं म्हणजे अंदाजपंचे. एमआरआयला ब्लॉकचा मध्य मॅग्नेटच्या मध्यावर आणा आणि थ्रीडी डिस्टॉर्शन करेक्शन चालू आहे का ते स्वतः बघा, कारण मध्यापासून लांब गेलं की ग्रेडियंट (इमेजमधली जागा ठरवणारं चुंबकीय क्षेत्र) सरळ राहत नाही आणि कडेच्या गोळ्या आपली जागा सोडतात. मार्कर म्हणून टेपने चिकटवायला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चालेल का असं खूप जण विचारतात. दिसते छान, पण ती तेलाची आहे आणि १.५ टेस्लाला तेलाचा सिग्नल पाण्यापेक्षा साधारण २२० हर्ट्झने सरकलेला असतो, बँडविड्थ पिक्सेलला २२० हर्ट्झ असेल तर कॅप्सूल सरळ एक पिक्सेल बाजूला दिसते आणि पेशंटचा मेंदू मात्र जागच्या जागी.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्रक लिहायला घेतलं. सॉफ्टवेअर शेवटी एक आकडा दाखवतं, एफआरई, म्हणजे मार्करवर मार्कर ठेवल्यावर उरलेली सरासरी चूक. तो ०.३ आला की सगळे खूश होतात आणि प्रिंट काढून फाइलला लावतात. पण तुम्हाला उपचार मार्करवर करायचे नाहीत, आत कुठेतरी असलेल्या ट्यूमरवर करायचे आहेत आणि तिथली चूक वेगळी असते. फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर या तिघा संशोधकांनी १९९८ मध्ये हे गणित नीट मांडलं आणि त्यातला एक भाग खरंच डोकं फिरवतो. प्रत्येक मार्कर ओळखण्यात सारखीच चूक होतेय असं धरा. तीन मार्कर वापरले तर एफआरई त्या चुकीच्या ०.५८ पट येतो, आठ वापरले तर ०.८७ पट. म्हणजे मार्कर वाढवले की स्क्रीनवरचा आकडा वाढतो! आणि मार्करांच्या मध्यावरची खरी चूक? ती तीन मार्करांना ०.५८ पट आणि आठांना ०.३५ पट, म्हणजे कमी होते. एखादा मार्कर त्रास देतोय म्हणून तो काढून टाकला, आकडा खाली आला, वाटलं सुधारलं, प्रत्यक्षात बिघडवलं. आम्हाला आलेल्या फायलींमध्ये हे वारंवार दिसतं.

दुसरं म्हणजे अंतर. शेताच्या एकाच कोपऱ्यातले चार दगड जुळवले तर पलीकडचा बांध कुठेही जाऊ शकतो. फक्त अर्धा अंश फिरलेलं राहिलं तर १० सेंमीवर जवळपास ०.९ मिमी आणि २० सेंमीवर १.७ मिमी चूक. म्हणून टार्गेट गोळ्यांच्या घेरात यायला हवं, बाहेर नाही.

आणि सगळे मार्कर एकाच दिशेला एकसारखे चुकले, बुडबुड्यांनी किंवा तेलाच्या कॅप्सूलने चुकतात तसे, तर एफआरई काहीच बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं छान जुळलेलं असतं. हे पकडायला नववा मार्कर आहे. ब्लॉकच्या मध्यात पाण्याची छोटी डबी आणि त्यात अ‍ॅक्रिलिकचा भरीव बॉल, एमआरआयवर तो काळा दिसतो. भरीव आहे म्हणून त्यात बुडबुडा शिरू शकत नाही. रजिस्ट्रेशन (इमेजची जुळणी) आठ गोळ्यांवर करा, नवव्याला हात लावू नका, मग सर्टिफिकेटप्रमाणे तो जिथे असायला हवा आणि इमेजमध्ये जिथे दिसतोय यातलं अंतर मोजा. रजिस्टरमध्ये हा आकडा लिहा. नववा मार्कर चुकून यादीत टाकलात तर तो साक्षीदार राहत नाही, पक्षकार होतो.

ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी एन सारख्या नळ्या दिसतील, दोन उभ्या आणि एक तिरकी. ही कल्पना रसेल ब्राऊन यांची, १९७८ मध्ये यूटा विद्यापीठात मेडिकलचे विद्यार्थी असताना त्यांनी ती काढली आणि आम्हाला ती अजूनही फार आवडते. कुठल्याही एका स्लाइसमध्ये प्रत्येक बाजूला तीन ठिपके दिसतात, कडेचे दोन हलत नाहीत, मधला सरकतो. आमचा एन १०० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच आहे म्हणून मधला ठिपका पहिल्यापासून ४० मिमीवर असेल तर ती स्लाइस ४० मिमी उंचीवर, इतकं सरळ. डावीकडे ६२ आणि उजवीकडे ६४ आले तर २०० मिमी रुंदीत २ मिमीचा उतार, म्हणजे साधारण ०.६ अंश तिरकं. टेबल वाकलंय, ब्लॉकखाली चादरीची घडी आलीय किंवा सीटीचा गँट्री टिल्ट शून्यावर नाही, यातलंच काहीतरी असतं. आधी चादर बघा.

लिनॅकसाठी मर्यादा विचाराल तर अमेरिकेतल्या एएपीएमच्या (मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेच्या) टास्क ग्रुप १४२ चा २००९ चा रिपोर्ट इमेजिंग आणि ट्रीटमेंटचा मध्य साध्या उपचारांना २ मिमी आणि स्टिरिओटॅक्टिकला (छोट्या जागी नेमका मोठा डोस देणाऱ्या उपचारांना) १ मिमीच्या आत मागतो. तुमच्या मशिनला काय लागू ते तुमचे फिजिसिस्ट ठरवतील, आणि या ब्लॉकने एईआरबीचं (भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं) ठरलेलं क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, टळत नाही, ते वेगळं करावंच लागतं.

ब्लॉक पडला तर तडा गेला नसला तरी वापरू नका, परत पाठवा, आम्ही पुन्हा मोजून देतो. आकडे पटत नसतील तर फोन जरूर करा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात पिक्सेलचं माप आणि स्लाइसची जागा येत नाही, दोन्ही स्कॅनच्या अख्ख्या डायकॉम फायली आणि नऊही मार्करांचा तक्ता पाठवा, आणि ब्लॉक रूममध्ये किती वाजता आणून ठेवला होता ते पण लिहा.