कचेरीवरच्या आंदोलनाचा खटला: तो मागे घेण्याचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

तहसील कचेरीच्या दारात ठिय्या दिला, जिल्हा परिषदेला टाळे ठोकले, वीज कार्यालयात अधिकाऱ्याला घेराव घातला. संध्याकाळी सोडून दिले म्हणून सगळे घरी गेले आणि दीड वर्षाने समन्स आले. महाराष्ट्रात हे नेहमीचेच आहे. त्यानंतर वर्तमानपत्रात बातमी येते की 'आंदोलकांवरील गुन्हे सरकार मागे घेणार', आणि लोक तारखेला जायचे बंद करतात. बहुतेकांचे नुकसान इथेच होते. मंत्र्यांच्या घोषणेने खटला संपत नाही. शासन निर्णयानेही संपत नाही. न्यायाधीशांनी लेखी परवानगी दिली, की त्या दिवशी संपतो. तोपर्यंत प्रत्येक तारीख लागू असते.

आधी आपल्यावर नेमके काय आहे ते पाहा

ताब्यात घेतले म्हणजे गुन्हा दाखल झालाच असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली गाडीत घालून नेले आणि कलम ६९ खाली संध्याकाळी सोडले, एवढ्यावरच प्रकरण थांबले असेल तर मागे घ्यायला खटलाच नाही. आंदोलनाआधी हातात पडलेली बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १६८ ची नोटीस (जुनी १४९ ची) हाही गुन्हा नव्हे. 'चॅप्टर केस' वेगळी असते. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते, त्यात शांतता राखण्याचा बाँड घेतला जातो, आणि खटले मागे घेण्याच्या अर्जाशी तिचा संबंध नसतो.

खरा खटला असेल तर एफआयआरची प्रत मिळवा. ती पोलीस ठाण्यातून किंवा राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून मिळते. दोषारोपपत्र कोर्टात गेले असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नाव टाकून शोधा आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. नावाच्या स्पेलिंगमुळे प्रकरण सापडत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी पोलीस ठाणे, वर्ष आणि एफआयआर क्रमांक देऊन शोधा.

'शासकीय कामात अडथळा' म्हणजे कोणते कलम?

बातमीत दोन वेगळ्या गुन्ह्यांना हे एकच नाव असते, आणि दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२१ (जुन्या दंड संहितेचे १८६) म्हणजे नुसता अडथळा. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते जामीनपात्र आहे. कलम १३२ (जुने ३५३) म्हणजे कामापासून रोखण्यासाठी लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुना दंड संहितेचा कायदा लागतो. महाराष्ट्राने २०१८ पासून ३५३ ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला होता. त्यामुळे २०२१ च्या आंदोलनातला आरोपी सत्र न्यायालयात उभा असतो आणि २०२५ चा दंडाधिकाऱ्यापुढे, दोघांनी केलेले कृत्य सारखेच असले तरी.

सोबत येणारी नेहमीची कलमे अशी: १८९(२) बेकायदा जमाव, सहा महिने, १९१(२) दंगल, दोन वर्षे, १२६(२) वाट अडवणे, १२७(२) कोंडून ठेवणे (अधिकारी आत असताना बाहेरून कुलूप लावले की हे लागते), २२३ जमावबंदीच्या आदेशाचा भंग, आणि पोलीस अधिनियमाचे ३७ व १३५. काचा किंवा फर्निचर फुटले असेल तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा. निवेदनात 'अन्यथा आत्मदहन करू' असे लिहून रॉकेलचा डबा घेऊन जाणाऱ्यांनी कलम २२६ लक्षात ठेवावे. लोकसेवकाला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. सर्वसाधारण आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम नव्या संहितेत नाही, पण हे आहे.

कलमांची यादी वकिलाला दाखवताना दोन गोष्टी मुद्दाम विचारा. एक, २२१ आणि २२३ या कलमांची दखल कोर्ट फक्त संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवर घेऊ शकते (बीएनएसएस २१५, जुने १९५). नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ही कलमे टिकत नाहीत. कित्येक खटल्यांत ही तक्रारच नसते. दोन, मुदत. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल एका वर्षात आणि तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याची तीन वर्षांत घ्यावी लागते (बीएनएसएस ५१४, जुने ४६८). खटला एकत्र असेल तर सर्वांत जड कलमाची मुदत धरतात. फक्त १८९(२) आणि २२३ लावून दोन वर्षांनी दाखल केलेले दोषारोपपत्र इथेच अडखळते. हे दोन मुद्दे जमले तर सरकारच्या मेहेरबानीची वाटही पाहावी लागत नाही.

पात्रता

खटले मागे घेण्याचे धोरण गृह विभागाच्या शासन निर्णयाने ठरते आणि वेळोवेळी त्यातली तारीख पुढे सरकते. अमुक तारखेपर्यंत दोषारोपपत्र दाखल झालेले राजकीय व सामाजिक आंदोलनातील खटले, अशी त्याची भाषा असते. म्हणून पहिले काम म्हणजे शासनाच्या संकेतस्थळावर गृह विभाग निवडून चालू शासन निर्णय उतरवून घेणे. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला तीन वर्षांपूर्वीचा नव्हे. त्यात आपली तारीख बसते का आणि अर्ज तपासणारी समिती कोणती, हे दोन मुद्दे बघा.

आजवर कायम राहिलेल्या मुख्य अटी अशा: आंदोलनात जीवितहानी झालेली नसावी, आणि खाजगी व सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे. नुकसानीचा आकडा बहुधा पंचनाम्यातून घेतला जातो, आणि पंचनाम्यातला आकडा अंदाजी असतो. तो फुगलेला वाटत असेल तर त्या कार्यालयाने प्रत्यक्षात दुरुस्तीवर किती खर्च केला, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने मागवा. दहा रुपयांच्या अर्जाने बराच फरक पडू शकतो.

आरोपींमध्ये आजी किंवा माजी आमदार-खासदार असेल तर वेगळेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १० ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार अशा लोकप्रतिनिधींवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. मोर्चाच्या पहिल्या रांगेत आमदार असल्याचा आनंद झालेल्या चाळीस कार्यकर्त्यांची फाइल मग तिथेच अडते. रेल रोकोचा गुन्हा रेल्वे कायद्याखाली असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. राज्याचा निर्णय पुरत नाही.

अर्ज आणि कागद

छापील नमुना शोधत बसू नका, साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. शासन निर्णयात नेमलेल्या समितीच्या अध्यक्षांच्या नावे लिहावा, एक प्रत गुन्हा दाखल असलेल्या पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांना आणि एक पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सर्व आरोपींचा एकच अर्ज केला तर सोयीचे. वेगवेगळे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जाऊन बसतात.

अर्जात पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक व वर्ष, सर्व कलमे, कोर्टाचे नाव, खटला क्रमांक, सीएनआर, पुढची तारीख, खटल्याचा टप्पा (समन्स, दोषारोप निश्चिती, साक्षी), सर्व आरोपींची पूर्ण नावे, आंदोलनाची मागणी व दिनांक आणि नुकसानीचा आकडा हवा. शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक 'संदर्भ' म्हणून वरच लिहा.

सोबत जोडायचे:
– एफआयआर आणि दोषारोपपत्राची प्रत
– घटनास्थळ पंचनामा. नुकसान नसेल तर तसे अर्जात ठळक
– कोर्टाच्या रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झाले त्या नोंदीची) अलीकडची नक्कल
– आंदोलनाआधी दिलेले निवेदन, त्यावरची पोच आणि परवानगीचा अर्ज
– जखमींचे वैद्यकीय दाखले असल्यास, जखम किरकोळ असल्याचे दाखवण्यासाठी
– प्रत्येक अर्जदाराचे ओळखपत्र

सगळ्यांत जास्त राहून जाते ते निवेदन. आंदोलन सार्वजनिक प्रश्नासाठी होते, वैयक्तिक भांडण नव्हते, याचा तोच कागदी पुरावा. गावच्या पाणीटंचाईवर काढलेला मोर्चा आणि दाखला मिळाला नाही म्हणून एकट्याने कारकुनाशी घातलेला वाद, दोन्हींची एफआयआर वाचायला सारखीच वाटते.

समितीनंतर

पोलीस ठाण्याचा अहवाल जातो, समिती शिफारस करते, शासनाचा आदेश निघतो आणि तो सरकारी वकिलाकडे येतो. सरकारी वकील बीएनएसएस कलम ३६० खाली कोर्टात अर्ज देतो (१ जुलै २०२४ ला चालू असलेल्या जुन्या खटल्यांत फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३२१). निकाल लागण्यापूर्वी केव्हाही हा अर्ज देता येतो. निकालानंतर नाही. दोषारोप ठेवण्यापूर्वी परवानगी मिळाली तर आरोपमुक्ती, नंतर मिळाली तर निर्दोष सुटका.

अडचण येते ती इथे. 'शासनाचा आदेश प्राप्त झाला, सबब खटला मागे घेत आहे' एवढ्या दोन ओळींचा अर्ज कोर्ट फेटाळू शकते, कारण सरकारी वकिलाने स्वतः विचार करून, सार्वजनिक हिताची कारणे देऊन तो करायचा असतो. केरळ विधानसभेतल्या २०१५ च्या गोंधळाच्या खटल्यात नुकसान २,२०,०९३ रुपयांचे होते. म्हणजे आपल्याकडच्या पाच लाखांच्या मर्यादेच्या निम्म्यापेक्षा कमी. तरी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये खटला मागे घेऊ दिला नाही. म्हणून तुमच्या अर्जातली कारणे, निवेदनाच्या प्रती, नुकसान नसल्याचा दाखला सरकारी वकिलाला स्वतः नेऊन द्या. नव्या कायद्यानुसार परवानगी देण्यापूर्वी पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. धक्काबुक्कीची तक्रार असलेल्या खटल्यात तो कर्मचारी हरकत घेऊ शकतो.

परवानगीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल घ्या आणि कायम जपून ठेवा. चारित्र्य पडताळणीत पोलिसांच्या नोंदीत गुन्हा पुढेही दिसू शकतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

तोपर्यंत तारखा

पहिल्या तारखेला वकीलपत्र, जामीनदार आणि त्याचे कागद (आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, कोर्ट मागेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला) घेऊन जा. किरकोळ कलमांत जातमुचलक्यावरही (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सोडतात. जामीनदार गावाचाच असेल आणि कोर्टात वेळेवर उभा राहील तो निवडा. तो दुपारी दोनला पोहोचला तर संपूर्ण दिवस जातो.

गैरहजर राहिलात तर वॉरंट निघते, जामीनदाराला नोटीस जाते, आणि न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हाही होऊ शकतो. तीस-चाळीस आरोपींच्या खटल्यात दर तारखेला कुणीतरी गैरहजर असतो आणि म्हणून खटला वर्षानुवर्षे दोषारोपाच्या टप्प्यावरच अडतो. त्या दिवशी येणे शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या (बीएनएसएस ३५५). लांब नोकरी असेल तर बीएनएसएस कलम २२८ खाली कायमची सूट मागता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले आरोपी यांना तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कंटाळून 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा' असा सल्ला कोर्टाच्या आवारात कोणीही देते, लोकअदालतीच्या दिवशी तर हमखास. हजार-दोन हजारांत सुटका होते हे खरे. पण ती दोषसिद्धी असते, आणि मग मागे घ्यायला खटला उरत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने किंवा शिक्षक भरतीत उतरलेल्या मुलीने ही सही करण्यापूर्वी दहादा विचार करावा. पडताळणी अर्जातला प्रलंबित खटल्याचा रकानाही कोरा ठेवू नका. किरकोळ आंदोलनाच्या गुन्ह्यापेक्षा तो लपवणे नोकरीला जास्त घातक ठरते.

पासपोर्टसाठी मात्र वाट आहे. खटला प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारता येतो, पण त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी घेतली तर मिळतो. कोर्टाने मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा, लिहिली नसेल तर एक वर्षाचा. म्हणून परवानगीच्या अर्जातच किती वर्षांचा पासपोर्ट हवा ते स्पष्ट मागा.